फोन येईपर्यंत थेंब बंद

एप्रिलच्या शेवटी मी वऱ्हाडात जाणार म्हटल्यावर ओळखीतल्या प्रत्येकानं मला वेड्यात काढलं. कुणी टोपी घे म्हणालं, कुणी खिशात कांदा ठेव म्हणालं. परत येऊन आता तीन आठवडे झाले, आणि सगळे अजून उन्हाचीच चौकशी करतात. ऊन होतं, भरपूर होतं. मला ज्याविषयी बोलायचं आहे ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. रागानं लिहिते आहे, हेही आधीच सांगून टाकते. थोडी शांत हो, मग लिही, असं घरच्यांचं म्हणणं. शांत झाले की मी लिहिणार नाही, मला माझा स्वभाव पुरता ठाऊक आहे.

मी पुण्याची. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी मला काचबिंदू निघाला. या आजारात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेकडेचं दिसणं जातं आणि गेलेलं परत येत नाही. रोज थेंब टाकायचे आणि उरलेलं राखायचं, एवढंच आपल्या हातात.

एक संशोधन संस्था काचबिंदूच्या रुग्णांचं रक्त तपासत होती. सारखाच आजार असलेल्या दोघांपैकी एकाची नजर वीस वर्षं टिकते, दुसऱ्याची पाच वर्षांत जाते. कुणाची भरभर जाणार याची खूण रक्तातल्या बारीकसारीक घटकांत आधीच सापडते का, हे त्यांना शोधायचं होतं. काम चांगलं आहे, आजही मी ते चांगलंच म्हणते. माझंही रक्त मी हौसेनं दिलं. अट एकच होती. औषधाचा अंश रक्तात नको म्हणून रक्त देण्याआधी चार आठवडे थेंब बंद. नंतर नमुना नीट आला असा संस्थेचा फोन आला की थेंब पुन्हा सुरू. नमुना कधी खराब निघतो, रक्त पुन्हा घ्यावं लागतं, म्हणून ही फोनची व्यवस्था. मला तिसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, नमुना छान आलाय, आजपासून थेंब सुरू करा. काही त्रास नाही ना?" त्या मुलीच्या गोड बोलण्याचं मी दहा जणांना कौतुक सांगितलं.

गणपती झाल्यावर हीच मंडळी अमरावती-अकोल्याकडे शिबिर भरवून तिथल्या रुग्णांचं रक्त घेऊन आली होती. आता सात महिन्यांनी त्याच रुग्णांचा दुसरा नमुना घ्यायचा होता, या वेळी थेंब चालू असतानाचा. बरोबर एखादा रुग्णच असला तर लोक मोकळेपणानं बोलतात, असं या संशोधनाचे प्रमुख असलेल्या सरांचं मत पडलं, आणि त्यांनी मला विचारलं. वऱ्हाड मी पाहिलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

अमरावती

रक्त घेण्याचं काम अलकाकडे होतं. अलका अमरावतीचीच, चाळिशीची, वीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधत आलेली. स्टेशनवर मला घ्यायला आली तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही. माझ्याकडे पाहून पहिलं वाक्य, "डोक्याले काई बांधलं नाई तुमी? पडसान ना." आणि स्वतःच्या पर्समधला दुपट्टा काढून तिनं भर रस्त्यात माझं डोकं गुंडाळलं. आमच्याकडे अनोळखी माणसाच्या डोक्याला हात लावायला निदान दोन भेटी तरी व्हाव्या लागतात.

राजकमल चौकाजवळच्या लॉजवर सामान टाकलं. अलकानं गिला वडा खायला नेलं. दह्यात बुडालेला वडा, वर लाल तिखट, वर पुन्हा काहीतरी हिरवं तिखट. दह्याला बघून मी बिनधास्त मोठा घास घेतला आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत बसले. अलका शांतपणे म्हणाली, "हे कमी तिखटाचं सांगतलं होतं मी तुमच्यासाठी."

त्या दिवशी कॅम्प भागात एका निवृत्त बँक अधिकारी बाईंकडे आमचं काम होतं. अलकानं नस शोधली, मी बाईंशी गप्पा मारत राहिले, तर मलाच दम मिळाला, "मॅडम, तुमी बोलता आन् त्या हात हालवून रायल्या. थांबा ना जरा." रक्त नळीत घेतलं, छोट्या यंत्रात गरागरा फिरवलं, वरचं पिवळसर पाणी वेगळं काढून थंड डब्यात ठेवलं. निघताना बाई सहज म्हणाल्या, "मागच्या वेळी तुमचा फोनबिन काही आला नाही हो. मी आपली आमच्या डॉक्टरांना विचारून थेंब सुरू केले."

मी हसून म्हटलं, "राहिला असेल एखादा." हे माझं हसणं मी अजून विसरलेली नाही. शिकल्यासवरल्या बाई, स्वतःचे डॉक्टर आहेत, त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणून मलाही काही खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीनच घोटाळा. डबा गार ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या लॉजच्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, त्या मॅनेजरनं बाहेर काढून ठेवलेल्या. सरबताच्या बाटल्यांना जागा हवी होती म्हणे! मी भांडायला पदर खोचला, तोवर अलका समोरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची अख्खी लादी फोडून घेऊन आलीसुद्धा. उसाच्या रसाचा वास येणारा डबा मांडीवर घेऊन मी तिच्या स्कूटीवर मागं बसले.

भातकुली

अमरावतीहून भातकुलीकडे जाताना जमीन सपाट होत जाते आणि काळी. एप्रिलमध्ये त्या जमिनीवर काही नसतं. नांगरून ठेवलेली मोठमोठी ढेकळं, बांधावर एखादा कडुनिंब आणि हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा भेगा. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. त्यामुळे नळाला पाणी कधी येणार, हा तिथल्या घराघरांतला सगळ्यात मोठा प्रश्न. आमच्याकडे नळाला दोन तास पाणी नसलं तर आम्ही वर्तमानपत्राला पत्र लिहितो.

आम्हाला जायचं होतं ते भीमराव तायडे यांच्याकडे. वय अडुसष्ट, पाणीपुरवठ्यातून निवृत्त. घर छोटं, झाडून लख्ख केलेलं, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली दोन मुलींचे पदवीचे फोटो. "जय भीम, या, बसा," म्हणत ते उठले, आणि उठता उठता खाटेच्या कोपऱ्यावर त्यांचा गुडघा आपटला. मला वाटलं घाईत लागलं असेल. त्यांच्या पत्नी मंदाबाईंनी माठातलं पाणी आणलं आणि न विचारता शेगडीवर चहा ठेवला.

तायडे बोलके निघाले. एकतीस वर्षं वॉलमन होते. गावाला पाणी सोडायचा वॉल त्यांच्या हातात. त्यांनी मला त्यातलं शास्त्र समजावून सांगितलं.

"वरून फोन आला का वॉल सोडाचा. फोन नाई आला तं हात लावाचा नाई. लोकं दारात येऊन शिव्या देत, बाया घागरी आपटत. तरी नाई. एकदा मी सुट्टीवर होतो. माह्या जागी जो होता त्यानं फोनची वाट न पायता देला सोडून. तिकडं लाईन फुटलेली. अख्खी टाकी वावरात गेली, मॅडम. आठ दिवस गाव खारं पानी पेलं. माह्या हातून असं कधी नाई झालं."

"म्हणून तं सत्कार केला होता," मंदाबाई आतून म्हणाल्या.

अलकानं कागद काढले. रक्त घेण्याआधी चार प्रश्न विचारायचे असतात. जेवण कधी केलं, साखर आहे का, थेंब कोणते, शेवटचा कधी टाकला.

"शेवटचा?" तायड्यांनी आठवलं. "भादव्यात. तुमी लोकं याच्या पयले."

अलकाचा पेन थांबला. "म्हनजे मंग? रक्त देल्यावर सुरू नाई केले?"

"नाई जी. तुमचा फोनच नाई आला ना."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणताहेत. मग त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात संस्थेचं माहितीपत्रक, जपून घडी केलेलं. बोट ठेवून त्यांनी मला ओळ दाखवली, पण वाचायला त्यांना कागद डोळ्यांसमोर इकडेतिकडे सरकवावा लागला. 'नमुना योग्य असल्याचा दूरध्वनी आल्यानंतर थेंब पुन्हा सुरू करावेत. तोपर्यंत थेंब बंद ठेवावेत.' फ्रीजच्या दारात थेंबांची बाटली होती, सात महिने तशीच. तिची मुदत केव्हाच संपून गेली होती.

"मी म्हनत होतो टाका म्हनून," मंदाबाई चहाचे कप ठेवत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "आयकतेत कुठी! हे खाटेले धडकते, दाराले धडकते. ताटात डाव्या अंगाले भाकर ठेवली तं याइले दिसत नाई, म्हनते वाढली काहून नाई. आन् फोन येईन, फोन येईन."

"अवं, मी दोन खेपा लावला ना फोन," तायडे मला सांगू लागले. "कागदावरच्या नंबरले. बाई म्हने, तुमच्या भागाचे लोकं कळवतीन. मंग म्हणलं, नमुन्यात काई गडबड असन, पुन्हा घ्या लागत असन. मधातच थेंब टाकले आन् तुमचं सारं काम बिघडलं तं?"

त्यांनी संस्थेचं काम बिघडू नये म्हणून डोळ्यांची वाट लावून घेतली होती! दुसऱ्या डॉक्टरकडे का गेला नाहीत, असं मी विचारलं तर म्हणाले, "तुमी डॉक्टरचेच लोकं ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अंगणात येऊन पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. मला गोड आवाजात फोन करणारी तीच मुलगी. ती म्हणाली, "मॅडम, तिकडच्या रुग्णांचे कॉल तिकडच्या शिबिरवाल्यांकडे होते." शिबिर भरवणाऱ्यांना लावला. ते म्हणाले, "फोन तर पुण्यावरूनच होणार होते, आम्ही फक्त मांडव आणि खुर्च्या." दोन्हीकडून हात झटकून मोकळे. दोन्हीकडे कुणाचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पुण्यात राहणाऱ्या मला तिसऱ्या दिवशी फोन, आणि 'काही त्रास नाही ना?' भातकुलीच्या माणसानं स्वतः दोनदा फोन केला तरी त्याला कळवतील, कळवतील. रक्त मात्र दोघांचं एकाच फ्रीजमध्ये जाऊन बसलं होतं.

एवढं सगळं ओरडून झाल्यावर मी आत आले आणि ते पत्रक पुन्हा हातात घेतलं. आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला तीन आठवडे लागले.

ते पत्रक मी लिहिलं होतं. म्हणजे मूळ मजकूर संस्थेचा, पण त्याचं मराठी इतकं भयंकर होतं की वऱ्हाडातल्या शिबिराच्या आधी मी आपणहून ते दुरुस्त करून दिलं. दोन पानांचं एका पानात बसवलं. मूळ मजकुरात त्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती. रक्त दिल्यानंतर आठ दिवसांत फोन न आल्यास थेंब स्वतःहून सुरू करावेत. ती मी खोडली. फोन येणारच आहे, मग न आल्यास काय हे कशाला, पाल्हाळ आहे, असं मला वाटलं. समासात तसं लिहिलंही. पत्रक एका पानात बसलं म्हणून सरांनी पाठ थोपटली, ती मी थोपटून घेतली. आमच्या गल्लीत फोन येतोच, तेव्हा तो सगळीकडे येणारच, असा माझा हिशोब.

मी तिथे काही बोलले नाही. अलकालाही नाही. फक्त म्हटलं, "तायडे, आत्ताच्या आत्ता नवीन बाटली आणू आणि थेंब सुरू करू."

"तुमी डॉक्टर हाये का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"नाही."

"मंग डॉक्टरले सांगू द्या."

अलका म्हणाली, "आता कोनाशी भांडता, मॅडम. उद्या आपल्याले तसंही अकोल्याले जाचं हाये. याइची पयली तपासनी तिथल्याच यंत्रावर झालती. सोबत घेऊन चाला." मंदाबाईंनी जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. ज्वारीची भाकर, कढीगोळे, ठेचा. तायड्यांच्या ताटात त्यांनी सगळं उजवीकडे वाढलं. कढीगोळे सुरेख होते, मी एकच खाल्ला.

अकोला

बसनं अकोला. उतरताना तायड्यांनी शेवटची पायरी आधी पायानं चाचपली, मग खाली आले. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

जठारपेठेतल्या दवाखान्यात मोठा कूलर घरघरत होता. अकोल्याचं ऊन मी अमरावतीच्या उन्हाला उगाच नावं ठेवली असं वाटायला लावणारं. तायडे बाकावर बसले आणि नाव नोंदवणाऱ्या मुलीला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं पानी कितव्या दिवशी येते?" तिनं सांगितल्यावर मान हलवून म्हणाले, "टाकीचं लेवल पुरत नसन." आपल्या कामावर एवढं प्रेम असलेला माणूस मी शाळेत चौतीस वर्षांत दोनदाच पाहिला.

डॉक्टर तिशीतली, तिथलीच मुलगी. तिनं आधीचा कागद काढला आणि त्यांना यंत्रापुढे बसवलं. ही तपासणी मी दर सहा महिन्यांनी करते. एक डोळा झाकायचा, पांढऱ्या अर्धगोलात मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठे बारीकसा दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. दिवा लागताना यंत्र किंचित टक् करतं, ते बाहेर बसलेल्यालाही ऐकू येतं. मी ऐकत होते. टक्. टक्. टक्. बटणाचा आवाज येत नव्हता. तायडे अगदी ताठ बसून मन लावून बघत होते, परीक्षेला बसल्यासारखे, आणि बटण दाबलं जात नव्हतं.

दोन्ही कागद डॉक्टरनं शेजारी शेजारी ठेवले. भाद्रपदातल्या कागदावर डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक करडा डाग होता. आताच्या कागदावर डावीकडचं जवळजवळ सगळं काळं. उजव्या डोळ्यातही खालून सुरुवात झालेली.

"काका, खरं सांगते," ती म्हणाली, "हे गेलेलं परत येणार नाही. राहिलंय ते टिकवता येईल. मधलं अजून चांगलं आहे. पण आता एक दिवसही वाया नको."

तायड्यांनी कागदावरून हात फिरवला. "आन् हे वाया कोनं घालवलं?" त्यांनी विचारलं. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं.

मी सरांना फोन लावला. डॉक्टरलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. तायडे तिथेच होते, हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि ते मुद्दाम. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, अरेरे. ते म्हणाले, "सात महिने पूर्ण विनाऔषध? आणि आधीचा नमुना आपल्याकडे आहे?"

"हो."

"बाई, तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे? बिनऔषधाचा आजार रक्तात कसा दिसतो, ते एकाच माणसात बघायला मिळतंय. असं मुद्दाम करायची परवानगी आपल्याला कुठल्याही समितीनं दिली नसती." त्यांच्या आवाजात आनंद होता. खोटं लिहीत नाही, आनंदच होता. "याला वेगळ्या नळ्या लागतील. चार दिवसांत पाठवतो. तोवर थेंब मात्र सुरू करू नका."

"सर, त्यांची नजर जातेय."

"सात महिने गेलेच आहेत. चार दिवसांनी काय होतंय?"

मी आयुष्यात खूप माणसांवर ओरडले आहे. वर्गात, घरात, रिक्षात. त्या दिवशीही ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात डॉक्टर उठली, कपाटातून नवी बाटली काढली, सील फोडलं, तायड्यांची हनुवटी वर केली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. मग फोनकडे बघून म्हणाली, "सर, थेंब सुरू केलेत. माझ्या रुग्णाला." आणि फोन तिनंच बंद केला. अलका म्हणाली, "बरं केलं," आणि थंड डब्याचं झाकण खाड्कन लावून टाकलं. बर्फ तसाही संपत आला होता.

तायडे डोळे मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून बसले होते. थेंब टाकल्यावर असं दाबायचं असतं. सात महिन्यांनीही ते विसरले नव्हते. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, असं मला कळलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, त्याचाही मी फायदा घेतला.

"तायडे, त्या कागदावर आणखी एक ओळ होती. आठ दिवसांत फोन नाही आला तर थेंब आपले आपण सुरू करा, अशी. ती मी काढून टाकली. कागद मोठा होत होता म्हणून."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. अलका माझ्याकडे वळून बघत होती. ते म्हणतील, जाऊ द्या, होते चूक, असं मला कुठेतरी वाटत होतं. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

"काहून काढली?" ते म्हणाले.

"फोन येणारच, असं वाटलं."

"मलेही तसंच वाटलं," तायडे म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी मला समोर शोधलं, मान थोडी डावीकडे वळवून, कारण तशीच मी त्यांना दिसत होते. "त्या दिवशी मांडवात मी एकटा नव्हतो. बाकीच्यायले आला का फोन?"

माझ्या पर्समध्ये दुसऱ्या नमुन्याची यादी होती. दीड पान. नावं, गावं, नंबर. दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी. पुण्याची यादी मी ऑफिसात पाहिली होती, तिच्यात प्रत्येक नावापुढे फोन झाल्याची खूण होती. या दीड पानावर एकही खूण नव्हती. यादी माझ्याकडे चार दिवस होती, आणि मी तिच्याकडे फक्त कुठे कधी पोचायचं एवढ्यासाठी बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "बहुतेक कुणालाच नाही."

"मंग तुमी मले हे काहून सांगून रायल्या?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मले सांगून माहं गेलेलं येते का? त्यायले सांगा ना! ओळ तुमी काढली, फोनही तुमीच लावा. आता लावा. मी बसतो अथी."

डॉक्टरनं आपली खुर्ची मला दिली आणि म्हणाली, मी शेजारी आहे, काही विचारलं तर मला द्या. अलकानं यादीचा कागद माझ्यापुढे सपाट केला. तायडे बाकावर बसले, हात मांडीवर, कान माझ्याकडे.

पहिलं नाव मूर्तिजापूरकडच्या एका बाईंचं होतं. बराच वेळ घंटी वाजली. मग पलीकडून उन्हात कुठूनतरी धावत आल्यासारखा आवाज आला, "कोन?"

"मी पुण्याहून बोलते. गणपतीनंतर काचबिंदूसाठी तुमचं रक्त घेतलं होतं ना, त्यांच्याकडून."

मग त्या बाईनं फोन तोंडापासून दूर धरून घरात कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, "आवो, आला, आला फोन! मी म्हनत नव्हतो का, येईन म्हनून!" आणि मग मला, अगदी खुशीत, "बोला बाई. करू का सुरू आता?"